मोरपिसांचा टोप ही वेशभूषा नव्हे

घुसाडीविषयी एक मत आता चांगलेच रुजले आहे. घुसाडी हे गोंडांचे दिवाळीतले लोकनृत्य, मोरपिसांचा टोप ही त्याची वेशभूषा, आणि महोत्सव-स्पर्धांनी व्यासपीठ दिले म्हणून ते टिकले. निमंत्रणपत्रिकेत हेच छापलेले असते आणि निवेदकही हेच म्हणतो. आम्हाला हे मान्य नाही.

टोप जवळून पाहिलेल्याला त्यातली गफलत कळते. शेकडो पिसांचे देठ दोऱ्याने गच्च बांधलेले, वर डोळ्यांचा गोल पसरलेला घेर, कपाळावर रंगीत कापडाची पट्टी, तिच्यावर बाजारातले छोटे आरसे, दोन्ही बाजूंना शिंगे. गोंडीत याला मल बूरा म्हणतात. खाली राख फासलेले अंग, खांद्यावरून कातडे, कमरेला घुंगरे, हातात गंगाराम सोटा. त्या सोट्याच्या स्पर्शाने दुखणे जाते अशी श्रद्धा आहे. टोप चढला की तो माणूस गावचा अमुकतमुक राहत नाही, त्याच्यात देव आला असे मानतात. दंडारीचे, म्हणजे दिवाळीतल्या या उत्सवाचे, दिवस संपेपर्यंत तो अंघोळ करत नाही. शेवटी कोलाबोडीचा विधी होतो, तेव्हाच तो त्या बंधनातून सुटतो. नट रंगमंचावरून उतरला की मुकुट काढून चहा प्यायला बसतो. नाच थांबल्यावरही घुसाडीचे नेम चालूच असतात, मग त्याच्या टोपाला नाचाचा पोशाख कसे म्हणायचे?

शिवाय दंडार म्हणजे नुसता नाच नव्हे. एका गावची मंडळी दुसऱ्या गावाला पाहुणी म्हणून जातात, यजमान गाव त्यांना जेवू घालते, सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. पूर्वी एकीकडे वऱ्हाड, दुसरीकडे निजामाचे राज्य; राज्ये बदलली, पण नाती नदीच्या दोन्ही काठांवर राहिली. गोदावरीकाठच्या गुडीरेवूला पद्मलपुरी काको या देवीच्या दर्शनाला घुसाडी जातात, तेही याच जाळ्याचे एक टोक. या सगळ्याची नोंदही जुनी आहे. निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम 1940 साली जोडेघाटला मारले गेले. त्यानंतरच्या वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ मार्लवाई या गोंड गावात राहिले आणि 1948 साली राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पाऊण शतकापूर्वीपासून हे सगळे नोंदवले जात असताना आपण अजून ‘आकर्षक मोरपंखी मुकुट’ या शब्दांपुढे जात नाही, हा आळस आहे.

‘या टोपांसाठी मोर मारले जातात, टोप बेकायदा आहे,’ असाही एक आक्षेप अधूनमधून कानावर येतो. मोर दरवर्षी विणीचा हंगाम सरला की पिसारा आपोआप गाळतो, म्हणजे नेमका पावसाळा ओसरताना, दिवाळीच्या आधी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मोराची शेपटीची पिसे देशांतर्गत व्यापाराच्या बंदीतून वगळली आहेत. निर्यातीला मात्र मनाई आहे. मोर मारणे हा गंभीर गुन्हा आहेच, पण गळलेले पीस गोळा करणाऱ्याला त्या पंगतीत बसवू नये.

आता व्यासपीठाने परंपरा टिकते या मताकडे वळू. दूरचा एक दाखला इथे उपयोगी पडतो. वेल्समधल्या बायकांची उंच काळी टोपी लोकांना फार पुरातन वाटते, ती प्रत्यक्षात 1830 च्या सुमारास रूढ झाली. 1834 साली कार्डिफच्या महोत्सवात ऑगस्टा हॉल, पुढच्या लेडी लॅनोव्हर, यांनी वेल्श भाषा आणि पोशाख जपण्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवले. 1983 साली प्रिस मॉर्गन या इतिहासकाराने या साऱ्या खटाटोपाची गणना घडवलेल्या परंपरांत केली. तरीही एक गोष्ट उरते: बाजाराला जाणाऱ्या शेतकरी बायका ती टोपी खरोखर घालत होत्या, बाईसाहेबांच्या निबंधावाचून. आणि निबंध, बक्षिसे, कौतुक सगळे होऊनही शतक सरेपर्यंत ती रोजच्या डोक्यांवरून उतरलीच. आज 1 मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, शाळेतल्या मुली ती हौसेने घालतात. बाजाराची ती चाल मोडल्यावर कौतुकाच्या हाती उरला तो एक दिवस.

कुणी म्हणेल, मार्लवाईच्याच कनक राजूंनी घुसाडी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनापर्यंत नेली, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, मग व्यासपीठाचा उपयोग नाही कसा? उपयोग आहे. 2024 साली ते गेले तोवर त्यांनी पोरे तयार केली, हे मोठेच काम. पण ते आधी गावच्या दंडारीत घडले आणि मग दिल्लीला गेले. मंचाने त्यांना मान दिला, घडवले गावाने. हा क्रम उलटा धरणाऱ्यांशीच आमचा वाद आहे.

टोप ‘आदिम’ आहे हे कौतुकही आम्हाला पटत नाही. पट्टीवरचे आरसे आठवडी बाजारातून येतात. उद्या आणखी काही येईल, आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते नेम सुटले की.

म्हणून आयोजकांना एकच विनंती. घुसाडीला बोलवायचे तर टोप कधी चढवायचा आणि कधी नाही हे त्या गावालाच ठरवू द्या. गावाने नाही म्हटले, तर दिवाळीत तुम्हीच त्या गावी जा, पण पाहुणे म्हणून.