ओराशो : जपानमधील गुप्त ख्रिस्ती परंपरा आणि निष्ठेची भाषा

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासग्रंथांत निष्ठेचे मोजमाप बहुधा हुतात्म्यांवरून केले जाते. जपानच्या बाबतीतही तसेच झाले आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रूसावर चढविण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू होता. व्यापारानिमित्त जपानात राहून त्याने तेथील भाषा उत्तम अवगत केली होती आणि आपल्या संघातील धर्मगुरूंचा तो दुभाषी होता. १८६२ मध्ये त्यास संतपद देण्यात आले. वसईच्या ख्रिस्ती समाजात त्याचे स्मरण आजही आस्थेने केले जाते. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय हे सव्वीसजण नव्हेत. ज्यांना मरण पत्करणे साधले नाही, ज्यांनी राजाज्ञेप्रमाणे वर्षानुवर्षे ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय दिला आणि तरीही ज्यांची प्रार्थना दोनशेहून अधिक वर्षे खंडित झाली नाही, त्यांच्या निष्ठेचे स्वरूप काय होते, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर माझ्या मते पुष्कळसे भाषेतच सापडते.

गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरला. त्याचा सहायक आंजिरो हा जपानी गृहस्थ आदल्याच वर्षी गोव्यात ख्रिस्ती झाला होता. प्रारंभी परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द योजण्यात आला. हे तर महावैरोचन बुद्धाचे जपानी नाव, हे ध्यानात येताच १५५१ मध्ये झेवियरने तो शब्द टाकला आणि लॅटिन ‘देउस’ तसाच ठेवला. ‘देउसु’ म्हणजे ‘दाइ उसो’, अर्थात मोठे असत्य, अशी कोटी विरोधकांनी केली; पण धोरण बदलले नाही. कृपेला ‘गरासा’, आत्म्याला ‘आनिमा’, पश्चात्तापाला ‘कोन्चिरिसान’, प्रार्थनेला ‘ओराशो’ असे पोर्तुगीज व लॅटिन शब्द जपानी उच्चारांत रूढ झाले. येथे आपणांस फादर स्टीफन्सचे स्मरण व्हावे. १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच स्वीकारला. कोणता मार्ग अधिक शहाणपणाचा, हा वाद येथे नको. मात्र जपानमधील निर्णयाचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. नित्याच्या बोलण्यात नसलेला शब्द नित्याच्या बोलण्यात झिजून दुसऱ्या अर्थाला लागत नाही. त्याचा उच्चार बदलेल, अर्थ विसरला जाईल. पण भोवतालच्या धर्मात तो सहसा विरघळणार नाही.

पुढील घटना सुपरिचित आहेत. १६१४ मध्ये देशव्यापी बंदी आली, १६३७-३८ मध्ये शिमाबाराचा उठाव चिरडला गेला, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना दारे बंद झाली. १६४४ मध्ये कोनिशी मान्शो या शेवटच्या धर्मगुरूचा अंत झाला. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची होती. नागासाकी परिसरात दर वर्षी ‘फुमिए’ होई, म्हणजे येशूच्या वा मरियेच्या प्रतिमेवर सर्वांना पाय द्यावा लागे.

अशा स्थितीत जे टिकले ते व्यक्तीच्या धैर्यावर टिकले, असे म्हणणे पुरेसे नाही. टिकविणारी एक व्यवस्था होती. उराकामीसारख्या गावांत एकजण पंचांग सांभाळी, एकजण बाप्तिस्मा देई आणि एकजण घरोघर सण-उपवासांचे निरोप पोहोचवी. हे सर्व शेतकरी वा कोळी होते. त्यांचे पंचांग १६३४ सालच्या तिथींवर बेतलेले होते आणि बास्तियान नावाच्या पूर्वजाकडून ते आले, अशी परंपरा आहे. परंतु या व्यवस्थेचा प्राण मला ‘कोन्चिरिसान’च्या पोथीत दिसतो. पापनिवेदनाला, म्हणजे कोकणीतील ‘कुमसारा’ला, धर्मगुरू लागतो. तो नसेल तर? १६०३ च्या सुमारास तयार झालेल्या या लहान पुस्तकाने उत्तर दिले की, धर्मगुरू दुर्लभ असता मनापासूनचा संपूर्ण पश्चात्ताप क्षमेला पुरेसा आहे. पिढ्यानुपिढ्या लोकांनी या पोथीच्या नकला केल्या. प्रतिमेवर पाय देऊन परतल्यावर घरी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणण्याचा प्रघात होता. ही निष्ठा पतन गृहीत धरूनच चालली होती. दर वर्षी पडावयाचे आणि दर वर्षी परत उठावयाचे, असा तिचा क्रम होता. हुतात्म्यांच्या चरित्रांत या निष्ठेला स्थान मिळत नाही, हे स्वाभाविक असले तरी न्याय्य नाही.

आता खुद्द ओराशोकडे वळू. हिरादोजवळील इकित्सुकी बेटावर या प्रार्थना मुखोद्गत चालत आल्या. त्यांतील काही गायिल्या जात, आणि गायनाची ही परंपरा केवळ याच बेटावर आढळते. ‘गुरुरियोझा’ नावाचे गीत हे मरियेच्या एका लॅटिन स्तोत्राचे रूपांतर असून त्याची चाल सोळाव्या शतकातील स्पॅनिश गीतसंग्रहापर्यंत पोहोचते, असे संगीतशास्त्रज्ञ तात्सुओ मिनागावा यांनी दाखवून दिले. म्हणणाऱ्यांना बहुतेक शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. यास्काने निरुक्तात ज्याचे मत खोडून काढले, तो मंत्रांना अर्थहीन मानणारा कौत्स येथे आठवतो. भेद इतकाच की, वैदिकांपाशी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असा काटेकोर बंदोबस्त होता. या कोळ्यांपाशी काहीच नव्हते. म्हणून उच्चार वाहवले, शब्दांच्या सीमा पुसल्या गेल्या.

या अपभ्रंशास अज्ञान म्हणून हिणविण्याची प्रथा आहे, ती मला मान्य नाही. न कळणारे अक्षर गाळणे किंवा त्याजागी ओळखीचे घालणे सर्वांत सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. पाठचिकित्सेत आपण दुर्बोध पाठालाच अधिक विश्वसनीय मानतो, हे येथे विसरू नये. अर्थात कथाभागाची गोष्ट वेगळी. ‘तेन्चि हाजिमारि नो कोतो’ या त्यांच्या पृथ्वीच्या आरंभकथेत पोंतियस पिलात एक न राहता पोन्शा आणि पिरोतो असे हेरोदाचे दोन सेवक झाले आहेत; मरियेला मागणी घालणारा लुझोनचा राजाही तेथे आहे. कथा सांगणाऱ्याला मोकळीक होती, प्रार्थना म्हणणाऱ्याला नव्हती. निष्ठा कोठे ठेवावयाची, याचा विवेक या समाजाने आपल्यापुरता केला होता, असे यावरून दिसते.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीची काही माणसे नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आली आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी आपली ओळख दिली. मरियेची मूर्ती कोठे आहे, अशी त्यांनी पृच्छा केली. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. १८६७ मध्ये धरपकड झाली, पाठोपाठ सुमारे ३,४०० लोक निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार झाले आणि त्यांतील सहाशेहून अधिक मृत्यू पावले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परतले. याच काळात पेतिजाँ यांनी छापलेल्या प्रार्थनापुस्तकांत चिनी वळणाचे नवे पारिभाषिक शब्द टाळून ‘गरासा’, ‘ओराशो’ हे जुने शब्दच कायम ठेवले. १८६९ मध्ये ‘कोन्चिरिसान’ची पोथीही त्यांनी छापून काढली. शिकवावयास आलेल्या गुरूने शिष्यांची परिभाषा घेतली, असे उदाहरण मिशनच्या इतिहासात विरळाच.

सर्वच लोक चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकीतील बहुसंख्य घरे वेगळीच राहिली. त्यांना धर्मभ्रष्ट म्हणणारे अभ्यासक आहेत, त्यांची परंपरा हा एक स्वतंत्र लोकधर्मच मानणारेही आहेत. त्या घरांची भूमिका साधी होती : वाडवडिलांनी जे जसे म्हटले ते तसे म्हणावयाचे. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील बारा स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गावे, किल्ल्याचे अवशेष, चर्च यांना त्यात स्थान मिळाले. प्रार्थना म्हणणारी इकित्सुकीची मंडळे मात्र गेल्या काही दशकांत एकामागून एक विसर्जित होत आली आहेत.