तेरची साच्यातली नक्षी

धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारपुस्तिकेत भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर दिले आहे. तगरचे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य, पोवळे, काच आणि राजासाठी चांदीची मौल्यवान भांडी असत.

चांदी राजाकडे गेली, तरी तिच्यावरची नक्षी मातीत उतरायला अडचण नव्हती. भूमध्य समुद्राच्या काठी हे आधीच घडले होते. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अथेन्सच्या कुंभारांनी धातूच्या वाडग्यांची नक्कल करणारे, 'मेगेरियन' म्हणून ओळखले जाणारे वाडगे घडवायला सुरुवात केली. मातीच्या साच्याच्या आतल्या बाजूला पाने, फुले, आकृत्या यांचे ठसे उमटवायचे, साचा भाजून घ्यायचा, तो चाकावर ठेवून आत ओली माती दाबायची आणि काठ हाताने वर ओढायचा. माती वाळली की आकसते आणि वाडगा साच्यातून सुटतो. उठावाची नक्षी बाहेरच्या अंगाला आलेली असते. एका साच्यातून असे कितीतरी वाडगे निघत. पुढे इटलीतल्या अरेझोच्या लाल भांड्यांवर याच रीतीने नर्तकी आणि मद्यधुंद वनदेव नाचू लागले. तेरला मिळालेल्या साच्याच्या नक्षीदार खापरांची तुलना अभ्यासक मेगेरियन वाडग्यांशी करतात. बऱ्याच पुढे, अठराव्या शतकात, इंग्लंडात तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र कागदावाटे बशीवर उतरवण्याची युक्ती निघाली आणि थट्टेची चित्रेही लोकांच्या टेबलावर आली. तिच्यामागची ओढ तेरच्या साच्याला परकी नव्हती: एकदा कोरलेले चित्र अनेक घरांत पोचावे.

तेरच्या कारागिरांचे खरे कसब मात्र मूर्तींत दिसते. लाल मातीच्या आणि पांढऱ्या केओलिनच्या या लहान मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. म्हणजे दोन साचे. एकात पुढचा अर्धा भाग, दुसऱ्यात मागचा. दोन्ही पातळ थराचे भाग पातळ मातीने जोडले की मूर्ती आतून पोकळ राहते, वजनाला हलकी होते आणि भाजताना तडकण्याचा धोका कमी होतो. स्त्रियांच्या मस्तकांवर केशभूषेची हौस दिसते: भांगावरचे अलंकार, फुलांच्या वेण्या, जड कर्णभूषणे. पैठण, नेवासे, भोकरदन आणि तेलंगणातले कोंडापूर इथेही या घडणीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. तंत्रावर पश्चिमेची छाप असेल; चेहरे आणि दागिने मात्र इथलेच.

दख्खनच्या प्राचीन कलेत हसण्यालाही जागा होती. पितळखोरे लेण्यांतला ठेंगणा, पोटसुट्या यक्ष डोक्यावर पसरट पात्र धरून मनापासून हसतो आहे. त्याच्या हातावरच्या लेखात घडवणाऱ्याचे नाव आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार. धातूत मुरलेला हात दगडाकडेही कसा वळे, याचा हा ठळक पुरावा आहे.

रोमन व्यापार ओसरला, तगरचे वैभवही उतरले, पण मातीशी गावाचे नाते टिकले. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत गोरोबाकाका याच गावचे कुंभार. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही आख्यायिका घरोघर सांगितली जाते. भाजलेले मडके ठोकल्यावर खणखणीत वाजते, कच्चे बद्द. कुंभाराच्या रोजच्या पारखीतूनच हा विनोद जन्मला आहे.

तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी इथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे ओळखले. 1958 च्या उत्खननाचा बा. ना. चापेकरांचा अहवाल 1969 मध्ये निघाला, तर डग्लस बॅरेट यांचे 'तेर' हे पुस्तक 1960 मध्ये आले. सर्वांत मोठा संग्रह मात्र गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी केला. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. त्यातल्या कित्येक वस्तू शास्त्रीय उत्खननातून आलेल्या नाहीत. त्या जमिनीच्या कोणत्या थरातल्या, याची नोंद नसल्याने त्यांचा काळ शैलीवरून आणि उत्खननात मिळालेल्या वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो.