एका सेंटिमीटरची तीस वर्षे



पराक्रमाचे गोडवे गाणे सोपे असते. त्याच्या एकाकीपणाचा अर्थ लावणे अवघड. लांब उडीतील आपले श्रेष्ठ खेळाडू टी. सी. योहान्नन यांच्या कारकिर्दीकडे मी याच दृष्टीने पाहतो. १९४७ साली केरळात जन्मलेल्या योहान्नन यांनी १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर उडी घेऊन सुवर्णपदक जिंकले व आशियाई विक्रम नोंदविला. आठ मीटरची मर्यादा ओलांडणारे ते पहिले भारतीय. त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्येही ते उतरले.

त्यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला तो थेट २००४ साली. अमृतपाल सिंग यांनी ८.०८ मीटर उडी मारली. एका सेंटिमीटरसाठी तीस वर्षे! विक्रमाच्या या दीर्घायुष्याचा आपण अभिमान बाळगतो. मला मात्र त्यात आपलीच उणीव दिसते. वाट दाखविणारा पुढे गेला, पण ती वाट आपण रुळविली नाही. पुढे २०२३ मध्ये जेस्विन ऑल्ड्रिन यांनी ८.४२ मीटरपर्यंत मजल मारली, तेव्हा ही कोंडी खऱ्या अर्थाने फुटली.

लांब उडीला लागते तरी काय? धावपट्टी, फळी, वाळूचा हौद आणि मुलाची धाव पारखणारा शिक्षक. वैनगंगेकाठच्या आपल्या बालाघाटात वाळूची वाण नाही. त्या पारखी नजरेची वाण पडू न देणे, हे शाळेचे काम आहे. आणि माजी विद्यार्थ्यांचेही.