दोन सिमचा फोन आणि मदुराईचा एकाकी संशोधक

दिल्लीत पहाडगंजपासून जवळच, करोल बागेतील गफार मार्केटमध्ये मोबाइलच्या दुकानांची गर्दी असते. तिथे आज कोणताही साधा फोन घेतला तरी त्यात दोन सिमकार्डांची सोय असतेच. या क्षुल्लक वाटणाऱ्या सोयीवरून भारतात एक दीर्घ कायदेशीर लढाई झाली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मदुराईचे सोमसुंदरम रामकुमार यांनी 2002 मध्ये एकाहून अधिक सिमकार्डे वापरणाऱ्या मोबाइल फोनसाठी पेटंटचा अर्ज केला. 2008 मध्ये त्यांना 214388 क्रमांकाचे पेटंट मिळाले. तोवर दोन सिमचे फोन भारतीय बाजारात पसरू लागले होते. आपली कल्पना वापरून मोठ्या कंपन्या नफा मिळवीत आहेत, अशी रामकुमार यांची तक्रार होती.

एकटा माणूस कंपन्यांशी लढणार तरी कसा? 2007 मध्ये केंद्र सरकारने बौद्धिक संपदेचे उल्लंघन करणाऱ्या आयात मालाविषयी नियम केले होते. त्यांनुसार पेटंटधारक आपला हक्क सीमाशुल्क विभागाकडे नोंदवून संशयित माल अडवून धरण्याची मागणी करू शकत असे. रामकुमार यांनी हेच शस्त्र उचलले आणि आयात फोनांचे साठे अडकून पडले. न्यायालयात वर्षानुवर्षे चालणारा वाद गोदामाच्या दारात काही दिवसांत कंपन्यांना जेरीस आणू लागला.

स्पाइस आणि सॅमसंग या कंपन्यांनी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे पेटंट रद्द करण्याची मागणी केली. प्रश्न असा होता की, या शोधात खरोखर ‘शोधक पाऊल’ आहे काय? आधीचे ज्ञान असलेल्या निपुण कारागिराला जे सहज सुचले असते, त्याला पेटंट देता येत नाही. मिर्झापूरच्या भांडी-उद्योगातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले होते. शिवाय, पेटंट मिळाले म्हणजे ते वैध असल्याची हमी मिळाली असे नव्हे, हे पेटंट कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिलेले आहे. 2012 मध्ये मंडळाने रामकुमार यांचे पेटंट रद्द केले.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात असाच दुसरा वाद निकाली निघाला. मुंबईचे भरत भोगीलाल पटेल यांच्याकडे लेझरने खुणा उमटविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट होते. त्यांच्या तक्रारीवरून एलजी कंपनीचा माल अडविण्यात आला होता. पेटंटचे उल्लंघन झाले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याचा नसून न्यायालयाचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे 2018 मध्ये सरकारने या नियमांतून पेटंट वगळले आणि एकाकी पेटंटधारकाच्या हातचे ते शस्त्र गेले.

या कहाणीशेजारी अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांची कहाणी ठेवून पाहावी. पावसात मोटारीच्या काचेवर थांबून थांबून फिरणाऱ्या वायपरची त्यांची रचना 1960 च्या दशकातली. फोर्ड कंपनीविरुद्ध त्यांनी 1978 मध्ये दावा लावला. रचनेत वापरलेले भाग नेहमीचेच आहेत, मग त्यात नवे काय, हा कंपनीचा बचाव होता. 1990 मध्ये ज्यूरीने पेटंटे वैध ठरविली आणि कर्न्स यांना सुमारे 1 कोटी 2 लाख डॉलर मिळाले. क्रायस्लरविरुद्धच्या खटल्यातही त्यांचा विजय झाला. पण निकाल येईपर्यंत त्यांच्या पेटंटांची मुदत संपून गेली होती.

दोन्हीकडे कसोटी एकच होती : ‘हे सहज सुचण्याजोगे होते काय?’ एका ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे आले, दुसऱ्या ठिकाणी ‘होय’. म्हणून एकाकी माणूस हरला की अन्याय झाला, असे समजणे घाईचे ठरेल. कमकुवत पेटंट हाती धरून बाजार अडविला गेला, तर त्याची किंमत गिऱ्हाइकालाही मोजावी लागते.

खरी विषमता निकालात नसून वाटेत आहे. वकिलांची फी, तज्ज्ञांच्या साक्षी आणि सरणारी वर्षे कंपनीच्या हिशेबात खर्चाच्या रकान्यात जमा होतात. संशोधकाच्या हिशेबात ते त्याचे आयुष्य असते. पेटंटची मुदत अवघी 20 वर्षे असते आणि न्यायालयात गेलेला काळ तीत भरून मिळत नाही. त्यामुळे ‘शोधक पाऊल’ आहे की नाही याचा निवाडा लवकर होणे, ही छोट्या संशोधकाची पहिली गरज आहे. निकाल त्याच्या बाजूने लागो वा विरुद्ध.