हुकूम किती गेले?

लोणावळा-पुणे लोकलने सकाळी कधी गेला असाल, तर मांडीवर वर्तमानपत्र पसरून पत्ते खेळणारी चौकडी तुम्ही पाहिली असेल. माझे आबा अशाच एका चौकडीत होते. ते कामशेतला चढायचे आणि खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीसाठी उतरायचे. मधल्या पाऊण तासात मेंढीकोट. शाळेला सुट्टी असली की कधीमधी मलाही बरोबर न्यायचे. खिडकीतून इंद्रायणीकाठची भातखाचरं बघायची सोडून मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसायचो, कारण आबा पेरांवर मोजायचे. चार बोटांची बारा पेरं आणि तेरावं अंगठ्याचं टोक. हुकमाचं एक पान पडलं की अंगठा एक पेर पुढे.

मेंढीकोट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चौघं, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्शा, म्हणजे मेंढ्या, मारायच्या. तीन मारल्या की डाव जिंकला, चारही मारल्या तर कोट. उतारीचं पान हातात नसलं की हुकमाने कापता येतं, म्हणून हुकूम किती उरलेत हे ज्याला ठाऊक, त्याची दश्शी सुखरूप घरी येते. आबा तेवढंच मोजायचे. हुकमाची तेरा पानं आणि चार दश्शा, बाकी कशाकडे लक्षच द्यायचे नाहीत.

त्यांच्यासमोर तळेगावला चढणारे एक अकाउंटवाले काका असायचे. ते बावन्न पानं लक्षात ठेवत. इस्पिकची राणी कोणाकडे, किल्वरची नव्वी कोणी दडवली, सगळं. जुळलं की त्यांचा खेळ बघत राहावा असा. पण देहूरोडला गर्दी आत घुसली, कोणाचा डबा डोक्यावर आदळला, की त्यांचा एक आकडा चुकायचा. मग त्यावर उभा केलेला सगळा हिशोब कोसळायचा आणि ते भिडूवर खेकसायचे. आबांची चूक झाली तर फार तर एका पेराची व्हायची. सगळा जमाखर्च कोणी ठेवला नव्हता, पण माझ्या आठवणीत कोट जास्त वेळा आबांनीच दिले.

पडलेली पानं लक्षात ठेवून खेळणं ही आपल्याकडची बरीच जुनी विद्या आहे. सावंतवाडीची गंजिफा आज आपण शोभेची वस्तू म्हणून ओळखतो. गोल पानं, लाखेचं काम, दशावतारांची चित्रं. पण मुळात तो खेळ आहे आणि फार मेहनतीचा खेळ आहे. मोगल गंजिफात आठ रंगांची ९६ पानं, दशावतारीत दहा रंगांची १२०. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. यातल्या निम्म्या रंगांत दहा सर्वांत मोठा आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलट. वरची पानं खेळून गेली की खालचं पान त्या रंगात मोठं होतं, म्हणजे कोणती पानं गेली हे ज्याच्या ध्यानात नाही, त्याच्या हातात राजेशाही पानं असूनही उपयोग नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तेव्हापासून हा खेळ या देशात असाच डोक्यावर चालत आला आहे.

पैशांसाठी पानं मोजण्याचं शास्त्र मात्र अमेरिकेत झालं, तेही ब्लॅकजॅकवर. एडवर्ड थॉर्प हा गणिताचा तरुण प्राध्यापक. एमआयटीतल्या आयबीएम ७०४ या संगणकावर त्याने आकडेमोड केली, १९६१ च्या जानेवारीत गणितज्ञांच्या परिषदेत निष्कर्ष मांडले आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढलं. मुद्दा सोपा होता. ब्लॅकजॅकमध्ये एका डावात पडलेली पानं पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीत. त्यामुळे पुढचा डाव मागच्या डावावर अवलंबून असतो. गठ्ठ्यात एक्के आणि दहाच्या किमतीची पानं जास्त उरली, तर फायदा खेळणाऱ्याचा. पहिल्या दोन पानांत एकवीस झाले तर त्याला दीडपट मिळतात, डीलरला झाले तर फक्त लावलेली रक्कम जाते. शिवाय सोळा किंवा कमी असताना डीलरला पान घ्यावंच लागतं आणि मोठी पानं उरलेली असली की तो जास्त वेळा बाद होतो. अशा वेळी जास्त पैसे लावायचे, एरवी कमी.

थॉर्पने सुरुवातीला दिलेली मोजणी अवघड होती. दहाची पानं वेगळी, बाकीची वेगळी, आणि दोन्हींचं गुणोत्तर मनात काढायचं. १९६३ मध्ये हार्वी डब्नर याने तिला सोपं केलं. दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी ते एक्का उणे एक. बावन्न पानांत वीस अधिक, वीस उणे, शेवटी बेरीज शून्य. हीच ती ‘हाय-लो’. आलेला आकडा उरलेल्या जोडांच्या संख्येने भागायचा, एवढंच जास्तीचं काम.

पण माणूस सोप्यावर थांबत नाही. सत्तरच्या दशकात एकाहून एक बारीक पद्धती निघाल्या. ‘हाय-ऑप्ट टू’मध्ये चौकी-पंजीला अधिक दोन, दहाच्या पानांना उणे दोन, दुर्री, तिर्री, छक्की, सत्तीला अधिक एक, आणि एक्के वेगळ्या खात्यात. म्हणजे आमचे तळेगावचे काका! पीटर ग्रिफिन या गणितज्ञाने १९७९ मध्ये ‘द थिअरी ऑफ ब्लॅकजॅक’ लिहून या पद्धतींना मोजपट्टी लावली. पैसे कधी वाढवायचे हे सांगण्यात हाय-लो परिपूर्ण पद्धतीच्या ९७ टक्के जवळ जाते. पान घ्यायचं की थांबायचं हे ठरवताना अवघड पद्धत बरीच पुढे असते, पण एकाच जोडाऐवजी सहा-आठ जोड मिसळून खेळवायला लागल्यावर त्या शहाणपणाची किंमत उतरली आणि पैसे कधी वाढवायचे हेच मुख्य उरलं. त्यात धुरात, गोंगाटात, पाठीमागून कोणी बघत असताना तासन्‌तास न चुकता मोजायचं असतं. दर तासाला दोन-तीन चुका झाल्या की अवघड पद्धतीची आघाडी त्यातच जाते. १९९८ मध्ये ‘नॉक-आउट’ नावाची पद्धत पुस्तकरूपाने आली, तिच्यात सत्तीलाही अधिक एक देऊन भागाकारसुद्धा काढून टाकला होता. पस्तीस वर्षं फिरून मंडळी परत बोटांच्या पेरांवर आली, असं मला ते वाचताना वाटलं.

आणि हे सगळं करून हाती काय, तर शंभर रुपयांमागे साधारण रुपयाची सरशी. तीही सरासरीने. महिनोन्‌महिने तोटा सोसायची ताकद असेल तर.

महाराष्ट्रात हे करून बघायला जागा नाही. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. गोव्याने आपला जुगाराचा कायदा त्याच १९७६ सालचा, पण नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली. मी मित्रांबरोबर मांडवीतल्या एका बोटीवर गेलो तो हाय-लो पाठ करूनच. टेबलापाशी उभा राहिलो आणि बघतो तर प्रत्येक डावानंतर पडलेली पानं एका यंत्रात परत जात होती. यंत्र अखंड पिसत होतं. म्हणजे लक्षात ठेवण्यासारखं काही उरतच नव्हतं. मी जेवून परत आलो.

माझा आतेभाऊ मात्र परत आला नाही, कारण त्याला कुठे जावंच लागलं नाही. त्याचा टेबल फोनमध्ये होता. रमी. सात महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. आत्याने गोठ्यामागचा तुकडा विकून ठेवलेल्या पैशांतले. “दादा, मी पानं बरोबर लक्षात ठेवत होतो,” हे तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. आणि खोटं नव्हतं ते. त्यालाही आबांनीच शिकवलं होतं.

त्याच्या डोक्यात एक सुप्रीम कोर्टही होतं. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं कोर्टाने म्हटलंय, हे वाक्य जाहिरातींनी घरोघरी पोचवलं होतं. मूळ निकाल नोव्हेंबर १९६७ चा. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांचा छापा, खालच्या कोर्टात शिक्षा, हायकोर्टात सुटका, मग सरकारचं अपील. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात म्हटलं की रमी तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, तिच्यात पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला कसब लागतं. आबांची पेरं जणू देशाच्या सर्वोच्च कोर्टाने मान्य केली. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की क्लबचा मालक त्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. जाहिरातीत तेवढं येत नसे.

एका रविवारी आम्ही दोघं त्याची बँकेची स्टेटमेंट घेऊन बसलो. जिंकलेले आणि हरलेले डाव जवळजवळ सारखे. मग पैसे गेले कुठे? समजा दोघांनी शंभर-शंभर लावले आणि चालवणाऱ्याने दहा टक्के कापले. जिंकणाऱ्याच्या हाती १८०. जिंकलास तर ऐंशी आले, हरलास तर शंभर गेले. नुसतं जिथल्या तिथे राहायला शंभरातले ५६ डाव जिंकायला हवेत, तेही तुझ्याइतकीच पानं लक्षात ठेवणाऱ्या माणसांसमोर. शिवाय रमीत दर डावाला पत्ते नव्याने पिसले जातात, त्यामुळे ब्लॅकजॅकसारखी मागच्या डावाची शिल्लक पुढे नेता येत नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी वाईट खेळत नव्हतो.” त्या वाक्यात त्याला दिलासा होता की राग, मला कळलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा भेदच त्या कायद्याने मानला नाही. इतकी वर्षं कोर्टाकोर्टातून जपलेला भेद असा एका झटक्यात बाजूला सारणं कायद्याच्या दृष्टीने बरोबर की चूक, यावर वाद होत राहील. मला तो भेद आजही खरा वाटतो. आत्याच्या घरात त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही तितकंच खरं.

यंदा भातलावणी उरकल्यावर, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, ओटीवर मेंढीकोट मांडला. आतेभाऊ दिवसा तळेगावच्या एमआयडीसीत कामाला जातो, हप्ते फेडतोय. माझा भिडू तोच होता. शेवटच्या तीन पानांवर माझ्याकडे चौकटची दश्शी, उतारी माझी. मी त्याच्याकडे बघितलं. बोलायचं नसतं, पण त्याचा अंगठा मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर होता. माझ्या हिशोबाने तो एक पेर पुढे हवा होता. मी माझं मोजणं सोडलं, त्याच्या पेरावर विश्वास ठेवला आणि दश्शी हातातच ठेवून दुर्री टाकली. पलीकडून आत्याने हुकूम मारला.