दीर्घ रात्र, रिकामी घरे आणि मरियेचे स्तोत्र

उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठी रात्र २१ किंवा २२ डिसेंबरला येते. उत्तर युरोपात या सुमारास सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. बीड जिल्ह्यातील दिंद्रुड परिसरात मात्र दिवस सुमारे ११ तासांचा असतो. त्यामुळे आगमनकाळाच्या उपासनेतील काळोखाची भाषा आपल्याकडे परकी वाटते, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही.

परंतु इकडचा हिवाळी अंधार वेगळा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. फडाजवळची कोपी हेच घर, आणि काम पहाटेच्या काळोखातच सुरू होते. गावात वृद्ध उरतात, व त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे. नाताळ नेमका याच मोसमात येतो. माणसे परततात ती बहुधा मार्च-एप्रिलमध्ये.

अशा घरात आभार कशाचे मानावेत? १९६९ च्या सुधारणेपूर्वी २१ डिसेंबर हा संशय घेणाऱ्या प्रेषित थोमाचा सण होता. आता तो ३ जुलै रोजी असतो. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला रोज एका नव्या नावाने साद घातली जाते. २१ तारखेचे नाव आहे उगवता प्रकाश. त्यास जोडूनच मरियेचे स्तोत्र म्हटले जाते. ते गाताना मरिया स्वतःचे गाव सोडून डोंगराळ प्रदेशात अलिशिबेच्या घरी आलेली आहे, बाळ अजून जन्मास यायचे आहे. तरी ती उपकार आठवते, आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाची थोरवी गाते. दुःखाबद्दल ती आभार मानीत नाही. उचलीच्या कर्जाबद्दल किंवा बुडालेल्या शाळेबद्दल देवाचे आभार माना, असे ऊसतोड कुटुंबास कोणी सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आभार आपण मानावयाचे आहेत. नाताळच्या करंजीतील साखर याच हातांतून आलेली असते. मिस्सेतील विश्वासूंच्या प्रार्थनांत या कुटुंबांसाठी एक विनंती ठेवावी. फराळाचा एक डबा मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या दारीही पोहोचावा. डबा परत मागू नये. आपल्याकडे रिकामा डबा परत करण्याचा संकोच फार असतो.