शामक औषधांची सुरक्षित विरती

शामक औषधांची सुरक्षित विरती : डॉक्टरांच्या देखरेखीविना घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या वा गुंगीच्या औषधांवर शरीर अवलंबून राहू लागल्यावर ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची उपचारपद्धती. या औषधांत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम इत्यादी बेंझोडायझेपिने प्रमुख असून त्यांतील पहिले, क्लोरडायझेपॉक्साइड, 1960 मध्ये बाजारात आले.

प्रसार : भारतात ही औषधे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्यांतील अनेक औषधविषयक नियमांच्या अनुसूची एच-1 मध्ये असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत, तरीही नाशिक जिल्ह्यातील मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ या नावाने चोरून विकल्या गेल्याची प्रकरणे पोलीस कारवायांतून वेळोवेळी पुढे आली आहेत. भेसळयुक्त ताडीतून क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम पोटात जाते, तेव्हा तर आपण शामक घेत आहोत याचीच पिणाऱ्याला कल्पना नसते.

विरतिलक्षणे : ही औषधे मेंदूतील गाबा या उत्तेजना आवरणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. दीर्घ सेवनाने मेंदू त्या वाढीव परिणामाशी जुळवून घेतो. त्यामुळे औषध एकाएकी तोडल्यास उत्तेजना अनावर होऊन निद्रानाश, थरथर, घाम, धडधड व तीव्र चिंता, तर गंभीर प्रकरणी भास, संभ्रम आणि जीवघेणे झटके येतात. अल्प्राझोलामसारख्या अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाची लक्षणे एक-दोन दिवसांत दिसतात, तर डायझेपामची काही दिवस उशिरा. म्हणूनच व्यसनी व्यक्तीला कोंडून घालणे किंवा निर्धाराने एका दिवसात गोळ्या सोडणे, हे कौतुकाचे वाटले तरी येथे धोक्याचे ठरते.

उपचार : चोरट्या गोळीतील घटक व मात्रा यांची खात्री नसल्याने तीच गोळी कमी-कमी करत जाणे भरवशाचे नसते. डॉक्टर सेवनाचा इतिहास, मद्य वा अफूजन्य औषधांची जोड आणि पूर्वीचे झटके विचारात घेऊन रुग्णाला बहुधा डायझेपामसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या, प्रमाणित औषधावर आणतात व मग त्याची मात्रा सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के घटवतात. त्रास वाढल्यास पुढील घट लांबवली जाते. झटक्यांचा इतिहास, गरोदरपण किंवा मोठी मात्रा असल्यास रुग्णालयात दाखल होणे आवश्यक ठरते.

स्थानिक संदर्भ : हा उपचार स्थानिक परिस्थिती पाहून आखावा लागतो. उदाहरणार्थ, पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचा, गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका आहे. येथील अनेक कुटुंबे हंगामी मजुरीसाठी द्राक्षपट्ट्यात जातात, त्यामुळे महिनोन्‌महिने चालणारा हा उपचार मध्येच खंडित होण्याची शक्यता असते. यासाठी मात्रा घटवण्याची लेखी योजना रुग्णाजवळ असणे व थोड्याच दिवसांची औषधे घरच्या जबाबदार व्यक्तीकडे देणे उपयुक्त ठरते. सल्ल्यासाठी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती आणि 14416 ही टेली-मानस सेवा उपलब्ध असून झटका वा बेशुद्धी आल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. व्यसनमुक्तीसाठी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास वरील कायद्याच्या कलम 64-अ अन्वये काही अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळते. विरतीनंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीची मात्रा पुन्हा घेतल्यास, विशेषतः मद्यासोबत, श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो; म्हणून औषध बंद झाल्यानंतरही पाठपुरावा चालू ठेवतात.